लेनिनच्या नव्या अर्थनीतीचा निवाडा

कोणत्याहि क्रांतिकारक सरकारच्या कारभाराचा निवाडा करूं गेलें असतां पंचाईत अशी होते कीं, वादी व प्रतिवादी दोघेहि आपापलें माप घरून घेऊन येतात. कैवारी सरकारच्या हेतूकडे बोट दाखवून म्हणतात, केवढें हें ध्येय! विरोधक मेलेल्या माणसांकडे बोट दाखवून म्हणतात, केवढा हा अनर्थ! दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य असतें. परंतु त्या सरकारनें अमुक एका वेळीं जी अमुक एक सुधारणा हातीं घेतली ती साधली कीं फसली, या साध्या प्रश्नाचें उत्तर मात्र दोघांपैकीं कोणाकडूनहि मिळत नाहीं.

रशियांत इ. स. १९२१ च्या मार्च महिन्यांत सुरू झालेली व १९२९ च्या सुमारास मोडीत निघालेली ‘नवी अर्थनीति’ ही अशा निवाड्याची वाट पाहत बसलेल्या प्रकरणांपैकीं एक होय. त्याच १९२१ सालीं मुंबईस श्रीपाद अमृत डांगे यांनीं गांधी व लेनिन यांची तुलना करणारें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. आपल्याकडील तरुण ज्या लेनिनकडे क्रांतीचा पुरस्कर्ता म्हणून पाहूं लागले होते, तो लेनिन त्याच सुमारास आपल्या पक्षाला माघार कशी घ्यावी हें समजावून सांगत होता. ही माघार शहाणपणाची होती काय, तिनें योजलेलें काम झालें काय, आणि झालें असेल तर ती आठ वर्षांतच कां संपली, या तीन प्रश्नांचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम रोग काय होता तें पाहूं. कारण औषधाचा गुण रोगावरूनच ठरतो. १९१८ पासून यादवी युद्धाच्या काळांत बोल्शेविक सरकारनें जी व्यवस्था चालविली तिला पुढें ‘युद्धकालीन साम्यवाद’ असें नांव पडलें. शेतकऱ्याच्या घरीं खाण्यापुरतें व बियाण्यापुरतें धान्य ठेवून बाकीचें सरकारी टोळ्यांनीं उचलावयाचें, असा त्या व्यवस्थेचा मुख्य नियम होता. आणि प्रत्यक्षांत खाण्याचें व बियाण्याचें धान्यहि कित्येकदां सुटत नसे. खाजगी व्यापार हा गुन्हा ठरला होता. लहानसहान कारखानेहि सरकारजमा झाले होते. नोटा इतक्या छापल्या गेल्या कीं मजुरी पैशांऐवजीं जिनसांत द्यावी लागे, आणि पक्षांतील कांहीं पंडितांना तर नाण्याचें हें मरण म्हणजेच समाजवादाचा जन्म वाटूं लागला होता.

परिणाम आंकड्यांत सांगतां येतो. १९१३ सालीं रशियांत सुमारें ८ कोटि टन धान्य पिकलें होतें. १९२० सालीं तें ४.६ कोटि टनांवर आलें. कोळसा २.९ कोटि टनांवरून ८७ लाख टनांवर घसरला. १९१३ सालीं ४२ लाख टन कच्चें लोखंड गाळणाऱ्या देशानें १९२० सालीं जेमतेम एक लाखाच्या वर मजल मारली. पेट्रोग्राड शहराची वस्ती तीन वर्षांत एक-तृतीयांशाच्याहि खालीं गेली. ज्यांना खेड्यांत कोणी नातलग होता ते भाकरीच्या शोधांत तिकडे निघून गेले. शेतकऱ्यानें या सर्वांतून एक सरळ हिशेब काढला. जें पिकवावें तें दुसऱ्यानें न्यावें, तर पिकवावें कशाला? तो आपल्या घरापुरतेंच पेरूं लागला.

युद्ध चालू होतें तोंवर शेतकऱ्यानें हें सोसलें, कारण जुने जमीनदार परत येण्याची धास्ती त्याला अधिक होती. युद्ध संपलें आणि ती धास्तीहि संपली. तांबोव्ह प्रांतांत शेतकऱ्यांचें मोठें बंड उठलें. १९२१ च्या मार्चमध्यें, बोल्शेविक पक्षाची दहावी परिषद मॉस्कोस भरली असतांनाच, क्रोनस्टाट या नाविक ठाण्यांतील खलाशी सरकारविरुद्ध उठले. हे खलाशी म्हणजे १९१७ च्या क्रांतीचा अभिमान. सोव्हिएटांच्या निवडणुका पुन्हां मोकळेपणानें घ्याव्या आणि मजूर न लावणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या जमिनीचा कारभार आपल्या मर्जीनें करूं द्यावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. गोठलेल्या समुद्रावरून चाल करून तें बंड मोडण्यांत आलें. परंतु त्यांची दुसरी मागणी त्याच परिषदेंत बहुतांशीं मान्य झाली. पहिली मान्य झाली नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. शेवटीं तिच्याकडे पुन्हां यावें लागेल.

सुधारणा दिसावयास लहान होती. धान्य उचलून नेण्याऐवजीं सरकारनें ठराविक सारा धान्यरूपानें घ्यावा, तो पेरणीपूर्वींच जाहीर करावा, आणि सारा भरून उरेल तें शेतकऱ्यानें वाटेल तें करावें. पहिल्या वर्षाचा सारा २४ कोटि पूड ठरला. पूर्वीच्या पद्धतीनें ४२ कोटि पूड उचलावयाचें योजलें होतें; पूड म्हणजे सुमारें सोळा किलो. एवढाच काय तो बदल. परंतु या एका धाग्याबरोबर सगळें वस्त्र ओढलें गेलें. उरलेलें धान्य विकावयाचें तर बाजार हवा. बाजार म्हटला कीं व्यापारी आला. व्यापाऱ्याला धान्याच्या बदल्यांत देण्यास कापड, खिळे, मीठ, कंदील हवेत, म्हणून लहान कारखाने भाड्यानें किंवा मालकीनें खाजगी माणसांस द्यावे लागले. देवघेव जिनसांत किती दिवस चालणार? म्हणून खरें नाणें हवें. नाणें खरें राहावयाचें तर सरकारी जमाखर्चाचा मेळ हवा. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, अशी तक्रार पक्षांतील कडवे लोक करूं लागले ती या दृष्टीनें खोटी नव्हती.

तथापि घर सरकारनें सोडलें नव्हतें. मोठे कारखाने, रेल्वे, बँका व परदेशी व्यापार हीं मोक्याचीं ठाणीं त्याच्याच हातीं राहिलीं. १९२३ च्या औद्योगिक गणतींत १ लाख ६५ हजारांहून अधिक कारखाने मोजले गेले. त्यांपैकीं शेंकडा ८८ खाजगी होते. परंतु कामगारांपैकीं शेंकडा ८४ सरकारी कारखान्यांत होते. म्हणजे खाजगी म्हटलेला कारखाना बहुधा दोन-चार माणसांचा चांभाराचा, लोहाराचा किंवा पिठाच्या गिरणीचा धंदा होता. किरकोळ व्यापाराची गोष्ट मात्र निराळी. १९२२-२३ सालीं त्याचा तीन-चतुर्थांश भाग खाजगी दुकानदारांच्या हातीं होता.

आतां फळ काय मिळालें तें पाहूं. आरंभ भयंकर झाला. मार्चचा हुकूम व्होल्गाकांठच्या शेतकऱ्यांपर्यंत पोंचला तेव्हां त्यांचीं कोठारें आधींच झाडून नेलेलीं होतीं. त्यांतच अवर्षण पडलें. १९२१-२२ च्या दुष्काळांत सुमारें ५० लाख माणसें मेलीं. अमेरिकन मदतसंस्थेनें १९२२ च्या उन्हाळ्यांत दररोज एक कोटीच्या आसपास लोकांस जेवूं घातलें नसतें तर ही संख्या कितीतरी वाढली असती. हे मृत्यु नव्या नीतीच्या खात्यावर मांडणें न्याय्य होणार नाहीं; ते जुन्या नीतीचें उरलेलें देणें होतें. परंतु दुष्काळ पुरता ओसरला नसतांना सरकारनें परदेशीं धान्य विकण्यास पुन्हां सुरुवात केली, ही नोंद मात्र नव्या खात्यावरच पडली पाहिजे.

त्यानंतर सुधारणा झपाट्यानें झाली. १९२६ सालीं धान्याचें पीक सुमारें ७.७ कोटि टन आलें; युद्धापूर्वीची पातळी जवळजवळ गांठली गेली. कोळसा २.७ कोटि टनांच्या वर गेला. पोलाद १९१३ सालीं ४२ लाख टन होतें. १९२६ सालीं तें ३१ लाख टनांपर्यंत आलें. विजेचें उत्पादन तर युद्धापूर्वीच्या पाऊणपट अधिक झालें. नाण्याचें काम त्याहूनहि अवघड होतें व तें अधिक नेटकें झालें. अर्थमंत्री ग्रिगोरी सोकोल्निकोव्ह याच्या कारकीर्दींत १९२२ च्या अखेरीस सरकारी बँकेनें ‘चेर्वोनेत्स’ नांवाचें सोन्याच्या मापाचें चलन काढलें. १९२४ सालीं जुन्या नोटा बदलून घेण्यांत आल्या तेव्हां एका नव्या रूबलास १९२३ सालचे ५० हजार, म्हणजे त्यापूर्वीचे ५० अब्ज रूबल मोजावे लागले. ज्या पक्षानें नाण्याच्या मरणावर आशा बांधल्या होत्या त्याच पक्षाच्या सरकारनें त्या काळच्या युरोपांत कोणालाहि भूषणावह झालें असतें असें नाणें उभें केलें.

यावर एक आक्षेप घेतला जातो व तो वजनदार आहे. थांबलेला रहाट पुन्हां फिरविणें निराळें आणि नवी विहीर खणणें निराळें. कारखाने उभे होते, यंत्रें गंजत पडलीं होतीं, खाणी पाण्यानें भरल्या होत्या. शांतता व थोडा बाजार मिळतांच त्या चालूं लागल्या यांत नवल तें काय? १९२६ नंतर पुढचें पाऊल टाकावयाचें तर नवे कारखाने हवे होते, त्यांस भांडवल हवें होतें, आणि परदेशांतून कर्ज मिळण्याची आशा थोडीच होती. शहरांत दहा लाखांहून अधिक नोंदलेले बेकार होते. जमीन सुमारें अडीच कोटि कुटुंबांत वांटली गेली होती आणि लहान तुकड्यांवर जुन्या नांगरानें शेती चालली होती. युद्धापूर्वीं रशिया वर्षास ९० लाख टनांच्या आसपास धान्य परदेशीं विकीत असे. १९२६-२७ सालीं ही विक्री २० लाख टनांच्या आसपास होती. मोठे जमीनदार गेले होते, आणि शेतकरी आतां पूर्वीपेक्षां पोटभर खात होता. माणुसकीच्या दृष्टीनें हें यशच म्हटलें पाहिजे. यंत्रें विकत घेऊं पाहणाऱ्या अर्थखात्याला मात्र तो तोटा वाटला.

हा आक्षेप मान्य करूनहि त्यावरून नवी नीति संपली होती असें सिद्ध होत नाहीं. एवढेंच सिद्ध होतें कीं, तिचा पहिला अध्याय संपला होता. दुसरा कसा लिहावा यावर पक्षांत मोठा वाद झाला. प्रिओब्राझेन्स्कीचें म्हणणें असें कीं, समाजवादी कारखान्यांचें भांडवल शेतकऱ्याकडूनच काढावें लागेल. कारखान्याचा माल महाग व शेतमाल स्वस्त ठेवून तें काढावें. बुखारिनचें म्हणणें असें कीं, शेतकरी सधन झाला तरच तो माल विकत घेईल व त्याच्याच मागणीनें कारखाने वाढतील. गति मंद असेल, पण गाडी उलटणार नाहीं. १९२५ सालीं त्यानें शेतकऱ्यांस श्रीमंत व्हा असें उघड सांगितलें आणि मागाहून त्याला तो शब्द गिळावा लागला.

प्रत्यक्षांत सरकारनें या दोहोंपैकीं एकहि मार्ग नीट धरला नाहीं; आणि येथें या प्रकरणाचें मर्म आहे. १९२३ च्या ऑक्टोबरांत कारखान्याच्या मालाचे भाव १९१३ च्या मानानें शेंकडा २७६ वर व शेतमालाचे शेंकडा ८९ वर गेले होते. आलेखावर उघडलेल्या कात्रीसारखी ती आकृति दिसे म्हणून ट्रॉट्स्कीनें तिला कात्रीचें नांव दिलें. शेतकऱ्यानें माल घेणें सोडलें व गोदामें भरून राहिलीं. सरकारनें कारखान्यांस मिळणारें कर्ज आंवळलें, मालाचे भाव खालीं आणले, आणि वर्षाच्या आंत कात्री बरीच मिटली. हा विजय खरा होता. परंतु त्यावरून सरकार एक चुकीचा धडा शिकलें. भाव हुकमानें उतरवितां येतात एवढेंच त्याच्या ध्यानांत राहिलें. १९२३ सालीं माल पडून होता म्हणून भाव उतरविणें योग्य होतें. १९२६-२७ सालीं माल कमी होता, तरीहि भाव उतरविले गेले. तेव्हां दुकानें रिकामीं झालीं आणि रांगा लागल्या. त्याच वेळीं धान्याचा सरकारी खरेदीभाव शेंकडा वीस किंवा त्याहूनहि अधिक उतरविण्यांत आला, आणि खाजगी व्यापाऱ्यावर कर व निर्बंध वाढविण्यांत आले.

अशा स्थितींत शेतकऱ्यानें जें केलें तें जगांतील कोणत्याहि शेतकऱ्यानें केलें असतें. जवस, लोणी व जनावरें यांना बरा भाव होता, म्हणून तीं त्यानें विकलीं. धान्यास भाव नव्हता, म्हणून तें जनावरांस घातलें किंवा कणगींत ठेवलें. पैसा घेऊन तरी तो काय करणार? दुकानांत घेण्यासारखें कांहीं नव्हतें. १९२७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत सरकारची धान्यखरेदी आदल्या वर्षीच्या जवळजवळ निम्म्यावर आली. याच नोव्हेंबरांत क्रांतीच्या दहाव्या वाढदिवसाच्या निमित्तानें मोतीलाल व जवाहरलाल नेहरू मॉस्कोस गेले होते. जवाहरलालांचें रशियाविषयींचें पुस्तक दुसऱ्याच वर्षीं निघालें आणि आपल्याकडील सुशिक्षितांत रशियाविषयीं आस्था वाढविण्यास कारण झालें. समारंभाच्या त्या दिवसांत नव्या नीतीच्या मरणाची तयारी चालू होती, हें कोणाहि पाहुण्यास दिसणें कठीणच होतें.

यावर साधा उपाय धान्याचा भाव वाढविण्याचा होता. १९२८ च्या जानेवारींत स्टॅलिन स्वतः सैबेरियांत गेला आणि त्यानें दुसरा उपाय योजला. साठेबाजीविरुद्धचें फौजदारी कलम शेतकऱ्यांवर लावून धान्य जप्त करण्यांत आलें, बाजार बंद करण्यांत आले, रस्त्यांवर पहारे बसले. धान्य मिळालें. पण १९२१ सालीं शेतकऱ्यास दिलेला शब्द मोडला गेला होता, आणि पुढच्या हंगामांत त्यानें कमी पेरलें तर दोष त्याला देतां येत नव्हता. सरकारला मग अधिक जबरदस्ती करावी लागली. १९२९ च्या अखेरीस सक्तीची सामुदायिक शेती आली, आणि तिच्यामागून १९३२-३३ चा दुष्काळ आला. त्यांत १९२१-२२ पेक्षांहि अधिक माणसें मेलीं असें मानण्यास भक्कम आधार आहे, आणि या वेळीं जेवूं घालणारी परकी संस्था देशांत येऊं दिली गेली नव्हती.

आतां निवाडा. नवी नीति धान्य पुरवूं शकली नाहीं म्हणून मोडावी लागली, हें जें तिच्या विरोधकांनीं सांगितलें तें पुराव्यावर टिकत नाहीं. धान्य होतें, तें विकत घेण्याची तयारी नव्हती. ज्या भावाला कोणी विकणार नाहीं असा भाव ठरवावयाचा, आणि मग कोणी विकत नाहीं म्हणून बाजार नालायक ठरवावयाचा, हा न्याय लांडग्याचा आहे. त्याचबरोबर कैवाऱ्यांनींहि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. भाव वाढविला असता तर शहरांतील भाकरी महागली असती किंवा नव्या कारखान्यांचा वेग कमी झाला असता. १९२७ सालीं ब्रिटननें संबंध तोडले होते, युद्धाची अफवा होती, आणि सावकाश चालण्यास धीर लागत होता. बुखारिनचा मार्ग निर्धोक होता असें कोणीहि छातीवर हात ठेवून सांगूं शकणार नाहीं. कारण तो चालून पाहिलाच गेला नाहीं.

सुधारणा म्हणून पाहिली तर ती साधली, हा माझा अभिप्राय आहे. उपासमारीनें मोडलेला देश तिनें पांच वर्षांत उभा केला. आणि तें कोणत्याहि परकी कर्जावर नव्हे, तर शेतकऱ्याच्या मनांत पेरण्याची इच्छा पुन्हां उत्पन्न करून. परंतु सुधारणा साधणें निराळें आणि ती टिकणें निराळें. तिच्या पायांत जो दोष होता तो अर्थशास्त्राचा नव्हता.

ज्या दहाव्या परिषदेनें शेतकऱ्याला बाजार दिला, त्याच परिषदेनें पक्षाच्या आंत गट करण्यास बंदी घातली. क्रोनस्टाटच्या खलाशांची दुसरी मागणी मान्य झाली व पहिली झाली नाहीं, असें वर सांगितलें त्याचा अर्थ येथें उलगडतो. दुकानदाराला दुकान मांडण्याची मुभा मिळाली; पण १९१८ च्या राज्यघटनेप्रमाणें व्यापारावर जगणाऱ्याला मत नव्हतें, तें त्याला मिळालें नाहीं. १९२२ चा दिवाणी कायदा मालकीस संरक्षण देई. परंतु त्याचें पहिलेंच कलम असें होतें कीं, हक्क आपल्या सामाजिक व आर्थिक हेतूविरुद्ध वापरला गेला तर तें संरक्षण नाहीं. तो हेतु कोणता हें ठरविणारें सरकारच. म्हणजे शेतकरी, व्यापारी, कारागीर या सर्वांस जें मिळालें तें हक्क नसून परवाना होता. आणि परवाना देणाऱ्याचें मन फिरलें कीं परवानाहि फिरतो. लेनिन ही नीति मनापासून व दीर्घकाळासाठीं आहे असें सांगत असे. परंतु लेनिन १९२४ च्या जानेवारींत वारला, आणि त्याच्या शब्दाला जामीन राहील अशी न्यायालय, वर्तमानपत्र किंवा निवडणूक यांपैकीं कोणतीहि संस्था मागें उरली नव्हती. १९२८-२९ सालीं बुखारिननें शेतकऱ्याची बाजू मांडली ती बंद खोलींत. गटबंदीचा आरोप येईल या भीतीनें ती बाहेर नेण्याचें धैर्य त्याला झालें नाहीं. दहाव्या परिषदेच्या ठरावावर त्याची स्वतःची संमति होती.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. बुखारिनला १९३८ सालीं गोळी घालण्यांत आली. ज्यानें नाणें उभें केलें तो सोकोल्निकोव्ह १९३९ सालीं तुरुंगांत मारला गेला. शेतमालाच्या भावांचा अभ्यास करणारा कोंद्रात्येव्ह व शेतकऱ्याच्या घरसंसाराचें अर्थशास्त्र लिहिणारा चायानोव्ह यांचीहि तीच गत झाली. १९८८ सालीं सोव्हिएट सरकारनें बुखारिनला निर्दोष ठरविलें, आणि त्यानंतर चार वर्षांच्या आंतच तें सरकार नाहींसें झालें. १९२६ सालीं मॉस्कोस शिकत असलेल्या डेंग शियाओपिंग या चिनी विद्यार्थ्यानें नव्या नीतीचा बाजार भर जोमांत पाहिला होता. १९७८ नंतर चीनमध्यें ज्या सुधारणा त्याच्या नेतृत्वाखालीं झाल्या त्यांचा आरंभहि शेतकऱ्याला उरलेलें धान्य विकूं देण्यापासूनच झाला, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे.

सरकारी सुधारणांची परीक्षा आपण बहुधा पिकाच्या व पोलादाच्या टनांनीं करतों, आणि ती करावीहि. परंतु १९२१ च्या वसंतांत व्होल्गाकांठच्या शेतकऱ्यापुढें टनांचा प्रश्न नव्हता. यंदां पेरलेलें आपल्याला मिळेल काय, एवढेंच त्याला जाणावयाचें होतें. सरकारनें होय म्हटलें, त्यानें विश्वास ठेवला व पेरलें. त्या पेरणीवर सात वर्षें सारा देश जेवला. १९२८ च्या हिंवाळ्यांत त्याच्या कोठारावर मोहोर बसली, तेव्हां त्याच प्रश्नाचें उत्तर त्याला पुन्हां मिळालें. आणि या वेळीं तें विचारण्यासाठीं जावें असें दार त्याच्यापुढें कोठेंहि उघडें नव्हतें.